पारूबाईंच्या फ्रीजचं पापपुण्य

मनुष्य जन्मतः पापी आहे, ह्याबद्दल आमच्या मंडळीत कधी दुमत झालेलं नाही. दुमत होतं ते एवढ्यावरच, की कोणत्या पापाला किती बैठका लागाव्यात. चोरी, खोटी साक्ष, शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ ही पापं सोपी. त्यांच्या आज्ञा दगडावर कोरून आल्यामुळे तिथं उपसमितीला हात घालता येत नाही. अवघड असतात ती दगडावर यायची राहून गेलेली पापं. जुगार हे त्यांतलं प्रमुख मानलं जातं.

मी सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आनंदवार्ता ह्या ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीचा चिटणीस आहे. (पद मानाचं आहे, म्हणजे बिनपगारी आहे.) ‘जुगार हा ख्रिस्ती दृष्टीने पाप आहे किंवा कसे’ हा विषय आमच्या कमिटीने जानेवारी ते मे अखेर इतक्या कसोशीने हाताळला, की इतर मंडळ्यांना त्याचा उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही हकीकत.

प्रकरणाचं मूळ एका साडीत आहे.

पारूबाई आमच्या मंडळीच्या जुन्या सभासद. भवानी पेठेत एका खोलीत एकट्या राहतात, चादरीच्या कारखान्यात घड्या घालण्याचं आणि पॅकिंगचं काम करतात आणि उपासनेत सर्वांत मोठ्याने व सर्वांत बेसूर गातात. त्यांना साखरेचा आजार आहे. इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ टोचून घ्यावं लागतं आणि ते गार ठेवावं लागतं. घरी फ्रीज नसल्याने ती बाटली शेजारच्या काशम्मांच्या फ्रीजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी राहायची. बदल्यात पारूबाई काशम्मांच्या घरी कडक भाकऱ्या थापू लागायच्या. काशम्मा लिंगायत, पारूबाई ख्रिस्ती. पण बाटली आणि लोणी ह्यांच्यात आजवर वाद झाल्याचं ऐकिवात नाही.

नाताळासाठी पारूबाईंनी सात रस्त्यावरच्या एका दुकानातून पांढरी साडी घेतली. दुकानदाराने साडीसोबत एक कुपन दिलं. काउंटरवरच्या मुलीने त्यावर पारूबाईंचं नाव लिहिलं आणि पारूबाईंनी ते डब्यात टाकलं. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सोडत निघाली. पहिलं बक्षीस एक फ्रीज होता, एका दाराचा, लालभडक, दारावर फुलं. तो पारूबाईंना लागला.

इथपर्यंत कोणीही पाप केलं नव्हतं, किंवा केलं असलं तरी कमिटीला ते कळलेलं नव्हतं. पण आमच्यात अशी रीत आहे, की घरात नवी वस्तू आली तर वापरण्याआधी तिच्यासाठी पाळकसाहेबांकडून उपकारस्तुतीची प्रार्थना करून घ्यायची. लोक स्कूटर आणतात, शिलाई मशीन आणतात, एकाने कुत्रा आणला होता. पारूबाईंनी फ्रीज घरी नेलाच नाही. काशम्मांचा मुलगा गुरु टेम्पो चालवतो. त्याच्या टेम्पोतून तो दुकानातून थेट चर्चच्या आवारात आणला. शहाण्या बाईने केला नसता असा हा सरळपणा त्यांनी केला, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. पाळकसाहेबांनी फ्रीजवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि तेवढ्यात कमिटीतले ज्येष्ठ पंच जोतिराम सर ह्यांनी विचारलं, “हे आलं कुठनं?”

जोतिराम सर जकात नाक्यावरून निवृत्त झालेले आहेत. पुढे सरकारने जकात बंद केली, पण सरांची सवय बंद करण्याचा अधिकार सरकारला नव्हता. आवारात येणारी कोणतीही वस्तू ते थांबवतात आणि ती कुठून आली हे विचारतात. पारूबाईंनी खरं ते सांगितलं. खरं सांगण्याने त्यांचं आयुष्यात बरंच नुकसान झालेलं आहे, तरी त्यांनी धडा घेतलेला नाही.

“म्हणजे लॉटरी,” सर म्हणाले. “म्हणजे जुगार.”

“म्या कुटं पत्ते कुटले, सर?” पारूबाई म्हणाल्या. “साडी घेतली की.”

पाळकसाहेबांचा हात फ्रीजवरून उचलला गेला. पापाच्या वस्तूवर प्रार्थना केली तर प्रार्थना वाया जाते की पाप, हे शास्त्रात स्पष्ट नाही. पाळकसाहेब स्वभावाने मवाळ आहेत आणि त्यांची बदली दोन वर्षांवर आलेली आहे. त्यांनी सुचवलं, की प्रश्न पंच कमिटीकडे द्यावा आणि निकाल लागेपर्यंत फ्रीज कमिटीच्या खोलीत ठेवावा. पारूबाई म्हणाल्या, “ठेवा की, पाच-सा दिवसांचं तर काम.”

फ्रीज वरच्या मजल्यावर कमिटीच्या खोलीत आला. बंद राहिला तर मशीन खराब होईल आणि निकाल पारूबाईंच्या बाजूने लागल्यास कमिटीवर ठपका येईल, ह्या दूरदृष्टीने तो चालू करण्यात आला. रिकामा चालवला तर विजेची उधळपट्टी, आणि उधळपट्टी तर निर्विवाद पाप; म्हणून त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवण्यात आल्या. इथवर प्रत्येक पाऊल मोहापासून दूर जाणारं होतं, हे कोणालाही मान्य व्हावं.

कमिटीच्या कामकाजावर ह्याचा जो परिणाम झाला तो थक्क करणारा होता. आमची कमिटी अकरा जणांची. पूर्वी बैठकीला सरासरी चार येत आणि त्यांतला एक चुकून आलेला असे. फेब्रुवारीत उपस्थिती आठवर गेली. मार्चमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीला टेकला तेव्हा पूर्ण अकरा. एप्रिलमध्ये, पूर्वी तत्त्वासाठी राजीनामा दिलेले दोघे, तत्त्व मागे घेऊन परत आले. महिन्याला एक होणारी बैठक आठवड्याला दोन होऊ लागली आणि तिची वेळ भर दुपारची ठरली, कारण गंभीर विचार दुपारी चांगला सुचतो. फ्रीजमध्ये ह्या काळात बाटल्यांखेरीज ताकाच्या पिशव्या, सरांचे डोळ्यात घालायचे थेंब आणि पाळकीणबाईंचं इडलीचं पीठ एवढंच असे.

आता मुख्य प्रश्नाकडे.

जुगार पाप आहे हे सर्वांना ठाऊक होतं, तेव्हा फक्त वचन शोधायचं बाकी होतं. तीन बैठका शोधण्यात गेल्या. ‘जुगार खेळू नको’ असं कुठंही सापडलं नाही. कमिटीला धक्का बसला. इतकं जुनं, इतकं प्रसिद्ध पाप, आणि त्याला वचन नाही. उलट चिठ्ठ्या टाकल्याचे प्रसंग जागोजाग निघाले. त्यांची छाननी करायला हरिदास मास्तरांना सांगण्यात आलं. मास्तर आमच्या कमिटीतले एकमेव सदस्य, जे बैठकीला येताना वाचून येतात. त्यामुळे त्यांच्याबद्दल सर्वांना आदर आहे आणि भीतीही.

मास्तरांनी अहवाल दिला. वधस्तंभाखाली शिपायांनी चिठ्ठ्या टाकून झगा वाटून घेतला, हे वाईट. यहूदाची रिकामी जागा भरायला प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, हे चांगलं. वचनदत्त देशातली जमीन चिठ्ठ्या टाकून वाटली, हे तर खुद्द वरच्या आज्ञेने. योना ज्या जहाजात लपला होता त्यातल्या खलाशांनी वादळ कोणामुळे आलं हे चिठ्ठीनेच शोधलं, आणि चिठ्ठी बरोबर निघाली. “एकंदर पाहता,” मास्तर म्हणाले, “चिठ्ठी टाकणारे चांगले आणि वाईट सारखेच भरतात. दोष चिठ्ठीचा दिसत नाही.”

सरांनी अहवाल स्वीकारला आणि तो चुकीचा आहे अशी नोंद करायला सांगितली. त्यांचं म्हणणं, प्रश्न चिठ्ठीचा नसून लोभाचा आहे. शिवाय माणसाने घाम गाळून भाकर खावी अशी पहिल्या माणसालाच तंबी आहे, आणि फ्रीजमध्ये तर घामाला जागाच नाही. ह्या मुद्द्यावर दोन जणांनी मान डोलावली व एकाने बाटली संपवली.

मग पारूबाईंची साक्ष झाली. त्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या.

सरांनी विचारलं, “कुपन डब्यात टाकताना मनात काय होतं?”

“काय न्हवतं, सर. ती पोरगी म्हनली टाका, म्या टाकलं.”

“फ्रीज मिळावा अशी आशा नव्हती?”

पारूबाईंनी थोडा विचार केला. खोटं बोलता आलं असतं. “व्हती,” त्या म्हणाल्या. “आशा कशी नसंल? औषध ठिवायला दुसऱ्याच्या दारात जाती मी.”

आशा सिद्ध झाली. तिच्या जोरावर कमिटीने जुगाराची व्याख्या तयार केली: ‘स्वतः कष्ट न करता, परिणाम आपल्या हाती नसताना, लाभाची आशा धरून वाट पाहणे.’ व्याख्या एकमताने मंजूर झाली. पुढच्याच बैठकीत मास्तरांनी निदर्शनास आणलं, की तिच्यात नळाच्या पाण्याची वाट पाहणारं अख्खं सोलापूर बसतं. तिच्यात दहावीची मुलं बसतात, मुलीला स्थळ पाहणारे बाप बसतात आणि पाळकांची बदली कुठं होते ह्याची वाट पाहणाऱ्या पाळकीणबाई बसतात. म्हणून ‘(नळाचे पाणी, परीक्षा, स्थळे व बदल्या वगळून)’ असा कंस घालण्यात आला. कंस पुढे वाढत गेला. त्यात पीकपाणी, वारसाहक्क आणि रेल्वेचं वेटिंग तिकीटही आलं. शेवटी व्याख्या दोन ओळींची आणि कंस पाऊण पानाचा झाला, आणि कंसाबाहेर जगात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे पारूबाई.

तेवढ्यात मास्तरांनी वचनाच्या चिठ्ठ्यांचा विषय काढला. तो काढायला नको होता. वर्षाच्या शेवटच्या उपासनेत आमच्याकडे एका ताटात वचनांच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या ठेवतात. प्रत्येक जण एक उचलतो आणि त्याला निघालेलं वचन हे देवाने त्याला नव्या वर्षासाठी दिलेलं वचन असतं. आशीर्वादाचं निघालं तर लोक ते फ्रेम करून लावतात. मास्तर म्हणाले, कष्ट नाहीत, परिणाम हाती नाही, लाभाची आशा आहे. सर म्हणाले, तिथं देव देतो. मास्तर म्हणाले, मग यंदा सरांनी दोनदा का उचलली. (पहिली चिठ्ठी आळशी माणसाने मुंगीकडे पाहून शिकावं अशा अर्थाची होती. ती पुढे माझ्या वाट्याला आली.) ह्यावर सरांनी बैठक पाणी पिण्यासाठी थांबवली.

मास्तरांचा शेवटचा मुद्दा सर्वांत घातक होता. देवाच्या इच्छेविना पानही हलत नाही असं आपण दर रविवारी म्हणतो. तर मग डब्यातून नेमकं पारूबाईंचं कुपन वर आलं ते कुणाच्या इच्छेने? नशीब नावाची गोष्टच नसेल तर जुगार होणार कसा? तो फ्रीज देवानेच दिला म्हणायचा.

 फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग सर सावकाश म्हणाले, “खरंय. देवानंच दिला. पण दिल्यावर तो हितं का आणला? बाईच्या घरी का न्हाय गेला?” आणि त्यांनी वर पाहिलं. हा मुद्दा इतका बिनतोड होता, की त्या दिवसापासून फ्रीज कमिटीच्या खोलीत असणं हीच देवाची योजना असावी असा एक मतप्रवाह आमच्यात सुरू झाला. उष्णतेच्या मानाने तो चांगलाच वाढला.

मेच्या पहिल्या आठवड्यात काशम्मांचा फ्रीज जळाला. विजेचा दाब वरखाली झाला आणि मशीन गेलं. काशम्मांनी लोणी कढवून तूप केलं. इन्शुलिन कढवून काही होत नाही. पारूबाईंनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. पण त्या दिवसांत माठातलं पाणीच अंघोळीला चालेल असं निघत होतं. तेव्हा त्या कमिटीकडे आल्या आणि म्हणाल्या, “निकाल लागंल तवा लागंल. तवर माजी बाटली माज्या फ्रीजमंदी ठिवू द्या.”

“माज्या” ह्या शब्दावर हरकत घेण्यात आली. त्यांनी तो मागे घेतला. मग कमिटीने सहानुभूतीपूर्वक विचार करून परवानगी दिली, अटींवर: बाटली दाराच्या खालच्या कप्प्यात राहील; ती पापाच्या लाभात मोडणार नाही, कारण ती औषध आहे; आणि ती फक्त खोली उघडी असताना काढता येईल. खोलीची किल्ली सरांकडे असे. सर सकाळी फिरून, न्याहारी करून, पेपर वाचून येत. पारूबाईंना सकाळचं इंजेक्शन खाण्याआधी लागतं. त्या कारखान्याच्या वाटेवर भवानी पेठेतून शुक्रवार पेठेत चालत येत आणि पायरीवर उपाशी बसून राहत. कधी टोचून जात, कधी न टोचताच जात.

एके दिवशी कारखान्यात चादरीची घडी घालता घालता त्या चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, असं पुन्हा झालं तर घरी पाठवायची हमी मी देणार नाही. काशम्मांनी त्यांना घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी काशम्मा स्वतः कमिटीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या थोडक्यात बोलल्या. “आमचा देव येगळा, तुमचा येगळा, त्ये ऱ्हाऊ द्या. पन ही बाई मेली तर फ्रीज कुनाला दाखवनार तुमी?”

मला हे ऐकून लाज वाटली. खरंच वाटली. इतिवृत्तात लाजेसाठी रकाना नसल्यामुळे मी ‘चर्चा झाली’ असं लिहिलं.

मात्र त्यानंतर प्रश्न आणखी लांबवणं कमिटीलाही जड जाऊ लागलं. मे अखेरीस अंतिम बैठक बोलावण्यात आली. मतदान झालं. पाप आहे म्हणणारे सहा, पाप नाही म्हणणारे सहा. (परत आलेले दोघे धरून मतं तेरा, तेरावं पाळकसाहेबांचं.) पाळकसाहेब म्हणाले, की दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात त्यांना देवाचा आवाज ऐकू येतो आणि कोणत्याही आवाजाचं मन मोडण्याची त्यांची इच्छा नाही.

आता काय करायचं? मास्तर म्हणाले, प्रेषितांनी केलं ते करावं. चिठ्ठ्या टाकाव्यात.

कमिटीने सुटकेचा निःश्वास टाकला. दोन चिठ्ठ्या तयार झाल्या, एक ‘पाप आहे’, एक ‘पाप नाही’, आणि त्या एका वाटीत टाकण्यात आल्या. चिठ्ठी टाकणं हे पाप आहे की नाही हे चिठ्ठी टाकून ठरवण्यात काही गैर आहे, असं एकालाही वाटलं नाही. मास्तरांनीच बारीक शंका काढली: ‘पाप आहे’ निघाली तर ती काढण्याची क्रिया पाप ठरेल आणि पापातून निघालेला निर्णय रद्द होईल, मग पुन्हा काढावी लागेल, असं ‘पाप नाही’ निघेपर्यंत चालेल. सर म्हणाले, ते निघाल्यावर बघू, आधी प्रार्थना.

चिठ्ठ्या निघताना हजर असाव्यात म्हणून पारूबाईंना आत बोलावलं होतं. त्यांना अजून अशक्तपणा असल्याने सोबत काशम्मा होत्या. त्या दोघी फ्रीजजवळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गुरु खाली टेम्पोत बसला होता, बाईंना परत न्यायला, असं आम्ही समजलो.

सरांच्या प्रार्थनेबद्दल इथं सांगितलं पाहिजे. ती उत्पत्तीपासून सुरू होते आणि एकही महत्त्वाची घटना गाळत नाही. पूर्वी लोक तिच्या मध्यावर डोळे उघडून घड्याळ पाहत. ते लक्षात आल्यावर सरांनी ठराव आणून घेतला होता, की प्रार्थनेत ज्याचे डोळे उघडे दिसतील त्याचं कमिटीतलं पद एक वर्ष स्थगित राहील. (डोळे उघडे आहेत हे दिसायला आणखी कुणाचे तरी उघडे लागतात, हा मुद्दा ठरावात नाही.) तेव्हा सरांनी “हे स्वर्गीय पित्या” म्हणताच तेराच्या तेरा जणांनी डोळे गच्च मिटले.

पृथ्वी आकारविरहित होती तेव्हा फ्रीजची घरघर थांबली.

सूर्यचंद्र निर्माण होत असताना फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग टेबलावर बाटल्या ठेवल्या जाऊ लागल्या, एकेक, हलक्या हाताने, काच वाजू न देता. पाण्याच्या बाटल्या, ताकाच्या पिशव्या, सरांचे थेंब, इडलीचं पीठ. जलप्रलय आला तेव्हा सांडलेलं थोडं पाणी काशम्मांनी पदराने पुसून घेतलं. नोहाचं तारू डोंगराला टेकत होतं तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि गुरु वर आला. त्याच्या खांद्यावर गोणपाट होतं. ते त्याने फ्रीजखाली सरकवलं, म्हणजे फरशीवर घासल्याचा आवाज होऊ नये. पारूबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. अब्राहाम आपला देश सोडून निघाला. सरांचा आवाज चढला, फ्रीज जागचा हलला आणि काशम्मा कानडीत कुजबुजल्या, “मेल्लग, गुरु, मेल्लग,” म्हणजे हळू, हळू.

योसेफाची भाऊबंदकी बरीच लांबली, कारण तिथं सरांना नेहमी स्वतःचे भाऊ आठवतात. तोवर तिघं दारापर्यंत पोचले होते. आणि इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून बाहेर पडत होते, नेमक्या त्या वेळी फ्रीज उंबरठा ओलांडून बाहेर पडला. तांबडा समुद्र दुभंगला. जिन्यावरून तीन वेळा दबका ठोका ऐकू आला. वाळवंटातली चाळीस वर्षं शांततेत गेली. शलमोनाच्या मंदिराची पायाभरणी होत असताना खाली टेम्पो सुरू झाला आणि भवानी पेठेच्या दिशेने निघून गेला.

एकाही सभासदाने डोळे उघडले नाहीत. सरांनी तर नाहीच. त्यानंतर सगळे संदेष्टे झाले, बंदिवास झाला, आणि “आमेन” आलं.

आम्ही डोळे उघडले. भिंतीपाशी फरशीचा एक स्वच्छ चौकोन होता. टेबलावर तेरा बाटल्या घाम गाळत उभ्या होत्या. वाटीत दोन चिठ्ठ्या होत्या.

“फ्रीज कुठंय?” सरांनी विचारलं.

 कुणी नेला हे सांगायला तो नेताना पाहिलेला असायला हवा, आणि पाहिलेला असायला डोळे उघडे असायला हवेत. मास्तर अतिशय नम्रपणे म्हणाले, “सर, तुमचंच तोंड तिकडं होतं.”

“माझे डोळे मिटलेले होते,” सर म्हणाले.

“आमचेही,” मास्तर म्हणाले.

पाळकसाहेब पुढे झाले. पाच महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच ठाम मत दिलं. प्रार्थनेत मोठं सामर्थ्य असतं, असं ते म्हणाले, आणि घाईने आपलं पीठ उचललं. त्यावर फार चर्चा झाली नाही. ठराव असा: ‘सदरहू वस्तू प्रार्थना चालू असता आपल्यामधून निघून गेली. प्रकार कमिटीच्या आकलनापलीकडचा असून त्याची चौकशी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे होय.’ सूचक जोतिराम सर. त्यांनी कोमट होत चाललेलं पाणी पीत सही केली. चिठ्ठ्या काढण्याचं कारणच उरलं नाही. जुगार पाप आहे की नाही हा प्रश्न विचाराधीन आहे. पुढच्या बैठकीला चार जण आले होते.

त्या रविवारी साक्ष देण्याच्या वेळेला पारूबाई पांढरी साडी नेसून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर तरतरी होती. त्या म्हणाल्या, “प्रभूनं मला फ्रीज दोनदा दिला. पयल्यांदा चिठ्ठीतनं, दुसऱ्यांदा कमिटीतनं. दुसरी येळ लई अवगड व्हती.” मंडळी एका सुरात “आमेन” म्हणाली. सर किंचित उशिरा म्हणाले, पण म्हणाले. आता पारूबाईंची बाटली आणि काशम्मांचं लोणी पारूबाईंच्या घरी एका दारात राहतात, आणि भाकऱ्या थापू लागायला काशम्मा येतात. मला त्याचा फार आनंद होतो.

एका गोष्टीचा मात्र बंदोबस्त व्हायला हवा. त्या दिवशी डोळे उघडे कुणाचे होते, ह्यावर मंडळीत पैजा लागू लागल्या आहेत. पैसे नाहीत, शेंगाचटणीच्या पुड्या. (चटणी कुटायला कष्ट पडतात, म्हणून ती व्याख्येत बसत नाही.) सुरुवातीला मास्तरांवर जास्त पुड्या होत्या, मग पाळकसाहेबांवर आल्या, मधे चार दिवस माझ्यावर होत्या. मी सर्वांना सांगितलं, की मी जे काही लिहिलं ते निव्वळ कानांनी ऐकलेलं आहे. गोणपाट कानाला कसं ऐकू आलं असं एकाने विचारलं. त्याला मी पुढच्या बैठकीची तारीख सांगितली.

पण ही हकीकत लोकांच्या हाती पडू लागली तसा बाजार पालटला. सरांनी ती वाचून एकच शेरा मारला, आणि तो मला मान्य करावा लागला. आम्ही तेरा जण डोळे मिटून उभे होतो. काशम्मांचा पदर, गुरुचं गोणपाट, पारूबाईंच्या हातातल्या चपला हे सगळं शेवटपर्यंत पाहणारी, आणि पाहूनही “अहो, फ्रीज चालला” असं न ओरडणारी व्यक्ती एकच निघते. ती म्हणजे आपण, ही हकीकत वाचणारे. पृथ्वी आकारविरहित होती तेव्हापासून टेम्पो निघेपर्यंत, ऐन प्रार्थनेत, आपल्या डोळ्यांची पापणीही मिटली नाही. शिवाय फ्रीज एकदाचा सुटावा अशी आशा मनात होती, ती वेगळी. कष्ट काही नव्हते, परिणाम हाती नव्हता. कंसात आपलं नाव नाही.

तूर्त सर्वांत जास्त पुड्या आपल्यावर लागल्या आहेत. त्यांतल्या दोन माझ्या आहेत. कमिटीपुढे साक्षीला यायची तारीख कळवली जाईल. येताना पाण्याची बाटली घरूनच आणावी, इथं आता गार पाण्याची सोय नाही.